तेरा कसोट्यांची कारकीर्द

१९८६ सालच्या जुलै महिन्यात इंग्लंडमधील वूस्टर येथे भारत आणि इंग्लंड यांच्या महिला संघांचा कसोटी सामना झाला. त्या सामन्यात भारताकडून सलामीला गेलेल्या एका तेवीस वर्षांच्या मुलीने नऊ तासांहून अधिक काळ फलंदाजी केली. पाचशेहून अधिक चेंडू तिने खेळून काढले आणि ती बाद झाली तेव्हा तिच्या नावापुढे १९० धावा लागल्या होत्या. तोपर्यंत महिलांच्या कसोटीतील सर्वोच्च धावसंख्या होती १८९. इंग्लंडच्या बेटी स्नोबॉल यांनी ती १९३५ मध्ये न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे केली होती. एक्कावन्न वर्षे अबाधित राहिलेला तो विक्रम एका धावेने मोडणारी ही मुलगी आमच्या इंदूरची होती. तिचे नाव संध्या अग्रवाल.

संध्याताई मराठी घरातल्या नव्हेत, हे आरंभीच सांगून टाकतो. कारण आमच्या मासिकाचे काही वाचक पत्राने विचारल्यावाचून राहणार नाहीत. परंतु धार-देवासच्या मराठी माणसाला इंदूर कधी परके वाटले आहे काय? देवासहून ते तास-दीड तासाच्या अंतरावर, धारहून त्याहून थोडे दूर. लग्नाचा बस्ता, मोठे इस्पितळ, मुलांचे कॉलेज, नाटकाचा प्रयोग, या सगळ्यांसाठी आपल्या तीन पिढ्यांनी इंदूरचीच वाट धरली. तेव्हा इंदूरच्या लेकीला आम्ही माहेरची मानतो. शिवाय वूस्टरच्या त्या सामन्यात भारताचे नेतृत्व पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी यांच्याकडे होते, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावे.

इंदूरच्या हवेतच क्रिकेट होते. होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या आठ हंगामांत चार वेळा रणजी करंडक जिंकला. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे ही नावे आमच्या वडिलांच्या पिढीला घरातल्या माणसांसारखी परिचित होती. ओसरीवर रेडिओभोवती पुरुषमंडळी जमत आणि आतल्या खोलीतून आई, आत्या, काकू कान देऊन ऐकत. धावफलक पुष्कळदा त्यांनाच अधिक अचूक सांगता येई. मात्र खेळणे त्यांच्या वाट्याला येई ते श्रावणातल्या एका रात्री. मंगळागौर जागवताना त्या फुगड्या, झिम्मा, पिंगा, लाट्या बाई लाट्या असे एकामागून एक खेळ रंगवीत; पहाट होई, आणि पदर खोचून पुन्हा चुलीकडे वळत. ज्यांनी ती दमछाक पाहिली आहे त्यांनी बायकांच्या अंगात दम नसतो असे कधी म्हणू नये. दम होता, परंतु त्याला मैदान नव्हते.

ते मैदान मिळायला १९७३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि एप्रिलमध्ये पुण्यास पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. संघ अवघे तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील मुलींचा संघ येऊन गेला. पुढच्याच वर्षी, १९७६ च्या ऑक्टोबरअखेर, बंगळूर येथे वेस्ट इंडीजविरुद्ध भारतीय महिलांनी पहिला कसोटी सामना खेळला. त्याच मालिकेत पाटण्यास शांता रंगास्वामी यांच्या नेतृत्वाखाली पहिला विजयही मिळाला. पैसा नव्हता. मुली रेल्वेच्या साध्या डब्यातून, कधी आरक्षणाशिवाय, देशभर प्रवास करीत. वसतिगृहाच्या फरशीवर गाद्या घालून झोपत. बॅटी आणि पॅड आपसांत वाटून घेत. त्या काळातल्या खेळाडूंनी हे सारे पुढे अनेकवार सांगितले आहे, आणि सांगताना तक्रारीचा सूर लावलेला नाही. उलट हसत हसत सांगितले आहे. आम्हांला मात्र ते वाचून हसू येत नाही.

संध्या अग्रवाल यांचा जन्म ९ मे १९६३ चा. कसोटीत त्यांचे पदार्पण १९८४ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध झाले. त्याआधीची एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १९७७ च्या जानेवारीनंतर थेट १९८४ च्या जानेवारीपर्यंत, म्हणजे सात वर्षे, भारतीय महिलांच्या वाट्याला एकही कसोटी सामना आला नव्हता. संध्याताई आल्या त्या दार नुकतेच पुन्हा उघडले असताना. आल्या आणि स्थिरावल्या. त्याच मालिकेत मुंबईच्या सामन्यात त्यांनी १३४ धावा काढल्या. गार्गी बॅनर्जी यांच्या साथीने त्यांनी त्या सामन्यात १५३ धावांची सलामी दिली. ही भागी भारतीय महिलांच्या कसोटीत सदतीस वर्षे सर्वोच्च राहिली. २०२१ मध्ये ब्रिस्टलला स्मृती मानधना आणि शफाली वर्मा यांनी १६७ धावा केल्या तेव्हा ती मागे पडली. मानधना आडनावाची ही सांगलीची मुलगी खेळायला उतरेपर्यंत इंदूरच्या आणि कलकत्त्याच्या दोन मुलींचा आकडा जागचा हलला नव्हता!

त्यांच्या फलंदाजीत चमचमाट नव्हता. नऊ तास उभे राहून १९० धावा काढणारी फलंदाज प्रेक्षकांच्या टाळ्या मिळवण्यासाठी खेळत नसते. नव्या चेंडूला मान द्यायचा, वाईट चेंडूची वाट पाहायची आणि तो आला की सोडायचा नाही, हा तिचा धर्म. आमच्या गणिताच्या जुन्या गुरुजींची आठवण व्हावी असा हा स्वभाव. उत्तर येईपर्यंत फळ्यासमोरून ते हलत नसत.

वूस्टरच्या खेळीनंतर पुढे काय झाले, याच प्रश्नासाठी खरे तर हा लेख लिहावयास घेतला. विश्वविक्रम केलेल्या फलंदाजाला पुढचा कसोटी सामना किती दिवसांनी मिळावा? पुरुषांच्या संघाकडे पाहावे तर १९८३ या एकाच वर्षात तो अठरा कसोट्या खेळला होता. संध्याताईंना मात्र १९८६ च्या जुलैनंतर पुढची कसोटी मिळाली ती १९९१ च्या आरंभी, ऑस्ट्रेलियात. मध्ये साडेचार वर्षे गेली. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात विश्वचषक झाला, तेथेही भारताचा संघ गेला नाही. फलंदाजाच्या आयुष्यातील तेविसावे ते सत्ताविसावे वर्ष म्हणजे ऐन बहराचा काळ. नजर तीक्ष्ण असते, पाय चपळ असतात आणि अनुभवही जमू लागलेला असतो. तो काळ संध्याताईंचा देशांतर्गत सामन्यांत आणि सरावाच्या जाळ्यात गेला. दरम्यान त्यांचा १९० चा विक्रम ऑस्ट्रेलियाच्या डेनिस अॅनेट्स यांनी १९८७ च्या ऑगस्टमध्ये १९३ धावा करून मोडलासुद्धा. त्याला उत्तर देण्याची संधी संध्याताईंना कोणी दिली नाही.

देवासच्या माणसाला येथे कुमारजी आठवतात. कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला आले ते क्षयाने आजारी होऊन, आणि काही वर्षे त्यांचे गाणे बंद राहिले. ती सक्तीची शांतता व्याधीने लादलेली होती. तिच्यातही त्यांच्या कानावर रस्त्याने जाणाऱ्या माळवी बायकांची गाणी पडत राहिली आणि त्यांतून पुढे पुष्कळ काही उगवले. संध्याताईंची साडेचार वर्षे धडधाकट प्रकृतीत गेली. अंगात बळ, हातात बॅट, आणि समोर प्रतिस्पर्धी नाही. गवयाला तंबोरा मिळवून एकट्याने रियाज तरी करता येतो. कसोटीच्या फलंदाजाला एकट्याने कसोटी खेळता येत नाही.

मग त्या टिकल्या कशा? आमच्या समजुतीप्रमाणे याचे मोठे श्रेय रेल्वेला आहे. संध्याताई रेल्वेच्या संघाकडून खेळल्या. त्या काळी महिला क्रिकेट हा पोट भरण्याचा उद्योग नव्हता. नोकरी असेल, पगार वेळेवर हाती येत असेल आणि स्पर्धेसाठी रजा मिळत असेल, तरच मध्यमवर्गीय घरातील मुलीला पंचविशीनंतर खेळता येई. कित्येक मुलींच्या बाबतीत रेल्वेने हे काम केले. सरकारी खात्यांवर टीका करण्याची संधी आम्ही सहसा दवडत नाही, आणि आम्हीही सरकारी नोकरच. पण येथे मुकाट्याने नमस्कार केला पाहिजे.

१९९५ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडविरुद्ध संध्याताई शेवटची कसोटी खेळल्या. हिशेब असा : अकरा-बारा वर्षांत तेरा कसोट्या, ११११ ला एक कमी म्हणजे १११० धावा, चार शतके, सरासरी ५०.४५. एकदिवसीय सामने एकवीस, धावा ५६७. कसोटीत पन्नासच्या वर सरासरी राखणारे पुरुष खेळाडू आपण बोटांवर मोजतो आणि त्यांच्या तसबिरी भिंतीवर लावतो.

येथे वाचकांना थोडे दूर, स्पेन देशात न्यावयाचे आहे. कारण तुलनेवाचून तेरा या आकड्याचा अर्थ पुरता उमगत नाही. खेळही वेगळा घेऊ : बास्केटबॉल. हा खेळ १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने हिवाळ्यात विद्यार्थ्यांना बंद दालनात खेळता यावा म्हणून शोधून काढला. पहिल्या खेळात टोपली होती ती पीच नावाच्या फळांची. ऑलिंपिकमध्ये महिलांच्या बास्केटबॉलला प्रवेश मिळाला १९७६ मध्ये, मॉन्ट्रियलला. म्हणजे आपल्या मुलींनी बंगळूरला पहिली कसोटी खेळली त्याच वर्षी. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये माद्रिदजवळच्या आल्कोबेंदास या गावी आमाया वाल्देमोरो या मुलीचा जन्म झाला.

या आमायाबाई पुढे स्पेनच्या सर्वांत नामवंत महिला खेळाडूंपैकी एक झाल्या. अमेरिकेतील महिलांची व्यावसायिक स्पर्धा १९९७ मध्ये सुरू झाली. तिच्या पहिल्या चारही वर्षी ह्यूस्टनचा संघ अजिंक्य ठरला आणि १९९८, १९९९, २००० या तीन वर्षी आमायाबाई त्या संघात होत्या. स्पेनमधील आणि रशियातील संघांकडूनही त्या खेळल्या. २०१३ मध्ये युरोपच्या अजिंक्यपद स्पर्धेत स्पेनने फ्रान्सला त्यांच्याच भूमीवर ७०-६९ असे, एका गुणाने, हरवले. गळ्यात सुवर्णपदक घालून आमायाबाई निवृत्त झाल्या तेव्हा केवळ देशासाठी त्या २५८ सामने खेळल्या होत्या. हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत. आमायाबाईंचे देशासाठी २५८ सामने. संध्याताईंचे कसोटी आणि एकदिवसीय मिळून चौतीस.

दोन खेळांची अशी तोलातोल पुरती न्याय्य नाही, हे आम्ही जाणतो. कसोटी तीन-चार दिवस चालते, बास्केटबॉलचा सामना चाळीस मिनिटांत संपतो. तरीही फरक उरतोच. स्पेनमध्ये मुलगी दहा-बारा वर्षांची असताना गावच्या क्लबात नाव घालते. क्लबाचे संघ वयोगटाप्रमाणे असतात आणि हंगामभर आठवड्याच्या अखेरीस सामना ठरलेला असतो. आज हरली तरी पुढच्या शनिवारी ती पुन्हा मैदानात असते. असे शेकडो सामने खेळून जी वर येते, तीच देशासाठी खेळते. गुण दोघींपाशीही होता. एकीला वेळापत्रक मिळाले, दुसरीला मिळाले नाही.

१९८६ च्या त्याच इंग्लंड दौऱ्यातली आणखी एक हकीकत आहे. संघातील ज्येष्ठ फिरकी गोलंदाज डायना एडल्जी यांना लॉर्ड्‌सच्या पॅव्हिलियनमध्ये प्रवेश नाकारण्यात आला. लॉर्ड्‌सचे मालक असलेल्या मेरिलबोन क्रिकेट क्लबाचे सदस्यत्व तेव्हा स्त्रियांना नव्हते. तो नियम १९९८ मध्ये बदलला. पुढे २०१७ मध्ये याच क्लबाने संध्या अग्रवाल यांना सन्माननीय आजीव सदस्यत्व देऊन गौरवले. ज्या दाराशी सहकारी खेळाडूला अडवले, ते दार एकतीस वर्षांनी सन्मानाने उघडले. भारत सरकारने मात्र एवढा वेळ लावला नव्हता. अर्जुन पुरस्कार त्यांना १९८६ चाच मिळाला, आणि शुभांगी कुलकर्णींना १९८५ चा.

निवृत्तीनंतर संध्याताई मध्य प्रदेशातील मुलींना शिकवण्याच्या कामात राहिल्या. महिला क्रिकेटचा कारभार २००६ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे आला, त्या वेळी महिला संघटनेच्या चिटणीस होत्या शुभांगी कुलकर्णी. म्हणजे वूस्टरच्या कर्णधारानेच तो संसार नव्या घरी पोहोचवला. पुढच्या गोष्टी अगदी अलीकडच्या. २०२२ मध्ये पुरुष आणि महिला खेळाडूंचे सामन्याचे मानधन सारखे करण्यात आले. २०२३ मध्ये महिलांची व्यावसायिक लीग सुरू झाली. आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघात आपल्या मध्य प्रदेशातील छतरपूर जिल्ह्याची क्रांती गौड होती. खेड्यातून आलेली मुलगी, वेगवान गोलंदाज. त्या रात्री आमच्या गल्लीत फटाके वाजले. दिवाळी उलटून गेलेली होती, आणि उरलेल्या फटाक्यांवर मुलींनी आधी हक्क सांगितला याचे आम्हांला विशेष वाटले.

दुसऱ्या दिवसापासून पालक शाळेत येऊ लागले. मुलीला खेळात घाला, असे स्वतःहून सांगणारे पालक आम्ही इतक्या संख्येने पूर्वी पाहिले नव्हते. एरव्ही आमचा अनुभव उलटा. आठवीपर्यंत मुली धावतात, उड्या मारतात. नववीत गेल्या की एकेक नाव गळू लागते. कारणे ठरलेली : शिकवणी आहे, संध्याकाळी घरी यायला उशीर होतो, ऊन लागते, आजीला आवडत नाही. आणि सर्वांच्या मागे एकच प्रश्न, की खेळून पुढे काय? या प्रश्नाला आम्ही कधी हसत नाही. दोन खोल्यांच्या घरातून आलेल्या बापाने तो विचारलाच पाहिजे. त्याला रेल्वेच्या आणि पोलीस खात्याच्या क्रीडा-भरतीची माहिती द्यावी लागते, नुसते विश्वचषकाचे गुणगान करून भागत नाही.

परंतु मुली गळण्याचे एक कारण घरात नसून आमच्याच व्यवस्थेत आहे, आणि ते फारसे कोणी बोलत नाही. शालेय स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीने होतात. चार-सहा महिने सराव करायचा, तालुक्याला जायचे, पहिल्याच सामन्यात हरायचे, की वर्ष संपले. बास्केटबॉलच्या संघाचे वर्ष चाळीस मिनिटांत आटोपते, आणि त्यातही राखीव मुलीच्या वाट्याला पाच मिनिटे येतील तर येतील. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारताच्या महिला बास्केटबॉल संघाचे नेतृत्व केले, हे आम्ही मुलींना मोठ्या अभिमानाने सांगतो. पण शिरीन व्हायला सामने लागतात. ज्या मुलीला वर्षातून एक सामना मिळतो, तिने नववीत खेळ सोडला तर दोष तिच्या चिकाटीचा कसा?

म्हणून गेल्या हिवाळ्यात देवासच्या चार शाळांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. करंडक नाही, पाहुणे नाहीत, मांडव नाही. शनिवारी दुपारी एका शाळेच्या मुली दुसऱ्या शाळेच्या मैदानावर जायच्या आणि खेळून परत यायच्या, प्रत्येक शाळेशी दोन-दोन वेळा. हरणाऱ्या संघालाही पुढचा शनिवार होताच. अशा रीतीने प्रत्येक संघाला सहा सामने मिळाले. पंचांचे काम व्यायामशिक्षकांनी केले. दोन शाळांत रिंग होती पण जाळे नव्हते. ते एका माजी विद्यार्थिनीने पाठवले. पहिल्या दिवशी एका संघाला अवघे चार गुण करता आले. शेवटच्या शनिवारी त्याच संघाने बावीस केले. तरीही हरलाच, हे सांगितले पाहिजे. काही पालक सायकली भिंतीला टेकवून उभे राहू लागले. एक आजी नातीसाठी डब्यात मेथीचे लाडू घेऊन येत आणि दोन्ही संघांना वाटत. नववीच्या अकरा मुलींनी नावे दिली होती. हंगामाच्या अखेरीस त्यांपैकी नऊ टिकल्या होत्या.

पुढच्या हिवाळ्यात धारच्या दोन शाळांनी यात यावे अशी बोलणी चालली आहेत. तेथील शिक्षिका उत्सुक आहेत. अडचण प्रवासाची आहे. धारहून देवास गाठायचे म्हणजे इंदूर ओलांडून यावे लागते. सकाळी निघालेल्या मुलींना परतायला रात्र होते आणि बसभाड्यासाठी शाळेच्या जमाखर्चात रकमेचे खाते नाही. मधला मार्ग म्हणून सामने इंदूरलाच घ्यावेत, दोन्हीकडच्या मुलींना ते सारखेच सोयीचे पडेल, अशी एक सूचना आली आहे. मैदान मिळाले तर तारखा मार्गशीर्षात ठरतील.